काजूच्या बागेवर सड्याला जुनी जोती सापडलीत, किती जुनी असतील?

काजूकार
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमची काजूची बाग डोंगराच्या उताराला आहे, वर सडा (जांभ्या कातळाचं पठार) आणि सड्यापलीकडे लगेच अभयारण्याची हद्द. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या होत्या ते आठवत असेल, ऐन बोंडूंच्या दिवसांत. त्यात आमची वरची बरीच झाडं गेली आणि त्याबरोबर सड्याच्या कडेला छातीएवढी रानमोडी माजली होती ती पण साफ झाली. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की अरे इथे चिऱ्यांच्या ओळी आहेत. पण तेव्हा डोक्यात पंचनामा आणि नुकसानभरपाई, कोण बघतो चिरे. नंतर दोन पावसात परत सगळं झाकलं. आता यंदा काजू गोळा करायच्या आधी दोन माणसं लावून तेवढा भाग साफ केला आणि नीट बघितलं, तर चक्रावलो.

अकरा जोती मोजली. काही मोठी, म्हणजे अठरा हात बाय बारा हात वगैरे, काही अगदी खोपटाएवढी. भिंती नाहीत, फक्त जोती, दोन ठिकाणी पायऱ्या आहेत. एका जोत्यासमोर तुळशीवृंदावनाचा चौथरा, वरचा भाग गेलाय. एक बांय, म्हणजे विहीर आहे, चौदा-पंधरा हात खोल, आत दगड आणि पालापाचोळा, पाणी नाही. बांयच्या काठाला एक लांबट सपाट दगड आडवा टाकलाय, बहुतेक कपडे धुवायला, पण त्याच्यावर काहीतरी माणसं कोरलेली आहेत, झिजलीत खूप. खडकात एक गोल खड्डा, आमच्याकडे वायन म्हणतात तसा, भात कांडायचा. जवळच गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत एक रोयण, म्हणजे वारूळ, बरीच उंच. आणि गंमत म्हणजे चार फणस एका ओळीत. रान असं ओळीत लावत नाही ना झाडं.

खापरं खूप. एक हिरव्या जाड काचेचा तुकडा, गराफांवचा (मोठ्या बाटलीचा) असावा. एक तांब्याचं नाणं पण मिळालं, त्याच्यावर कोणाचं तरी डोकं आहे.

गावात विचारलं तर तीन माणसांची चार उत्तरं. एक म्हणतो पोर्तुगीज आले म्हणून पळाले, एक म्हणतो प्लेग, एक म्हणतो देवाचा कोप झाला एका रात्रीत गाव ओस पडला, आणि तोच परत म्हणतो की तिथे गावच नव्हता, लष्कराचं ठाणं होतं. माझा मुलगा म्हणतो पाचशे वर्षं तरी जुनं असणार. तर हे काय असेल, किती जुनं असेल, आणि सांगायचं कोणाला? सांगितलं तर बाग जाणार नाही ना?

शिकारी_७७
लोकेशन पाठवा मेसेजमध्ये. माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे. अर्धं अर्धं.

चिऱ्यांचा_नाद
वरच्या महाशयांना लोकेशन देऊ नका एवढं आधी सांगतो. काजूकार, गावाचं नाव दिलं नाहीत हे फार बरं केलंत. मी अशी दहा-बारा ठिकाणं बघितलीत सांगे, धारबांदोडा, सत्तरी मिळून, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वृंदावनाखाली खणलेला ताजा खड्डा असतो. काय मिळतं त्यांना? काही नाही. दिव्याची पणती मिळाली तर मिळाली. पण त्या खणण्यात जी माती उलटीपालटी होते ती परत कोणाला वाचता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बातमी थोडी फिकी आहे, नाराज होऊ नका. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून जोती पाचशे वर्षांची वाटत नाहीत. वर भिंती नाहीत म्हणून जुनं, असं लोकांना वाटतं, पण आपल्याकडे डोंगरातल्या घराच्या भिंती मातीच्या किंवा कुडाच्या, खाली फक्त जोतं चिऱ्याचं. छप्पर गेलं की आपल्या पावसात, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो सत्तरीत, मातीच्या भिंतीला चार-पाच पावसाळे पुरतात. वितळून जाते अक्षरशः. जोत्याच्या मधोमध जमीन थोडी फुगलेली दिसते का बघा, ती तुमची भिंत.

आणि दुसरं, जे कोणी लक्षात घेत नाही. लोक घर सोडतात तेव्हा घर तिथे ठेवून जात नाहीत. वासे, खांब, दारं, कौलं, चांगले घडीव चिरेसुद्धा उचलून नेतात. लाकूड कोण टाकतो? त्यामुळे वर काय उरलंय याच्याइतकंच खाली गावात काय आलंय ते बघायला हवं.

कौलांचे तुकडे कसे आहेत? चपटे मंगळुरी की अर्धगोल हाताने केलेले नळे? मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, म्हणजे चपट्या कौलाचा एक तुकडा जरी मिळाला तरी ते घर त्यानंतर कधीतरी शाकारलेलं होतं एवढं पक्कं. उलट मात्र खरं नाही हां, चपटं कौल नाही मिळालं म्हणून घर जुनं असं होत नाही, कारण वर म्हटलं तसं, नेली असतील.

नाण्याचा फोटो टाका. आणि कृपा करून ते घासू नका.

काजूकार
@चिऱ्यांचा_नाद धन्यवाद सर. नळ्यांचे तुकडे आहेत, अर्धगोल, आतून बोटांचे ठसे दिसतात. चपटं एकही नाही.

नाणं आमच्या बाईंनी चिंच लावून घासलं. देवाची भांडी घासत होत्या त्यात तेही टाकलं. आता लखलखतंय. डोकं दाढीवाल्याचं की मिशीवाल्याचं कळत नाही, मागे मुकुट आणि ढाल आहे, खाली १९० आणि पुढचा आकडा गेलाय.

चिऱ्यांचा_नाद
हरे राम.

असू दे. मिशीवाला असणार, पोर्तुगालचा राजा कार्लुश पहिला, १८८९ ते १९०८. पाव तांग्याचं असेल किंवा त्याच्या आसपासचं, गोव्यासाठीची ही तांब्याची नाणी १९०१ आणि १९०३ अशी दोन्ही सालांची मिळतात. सोळा तांग्यांची एक रुपिया. आता मुलाला सांगा की नाण्यावरचं साल म्हणजे वस्तीचं साल नव्हे, नाणं खिशातून पडलं ते १९०१ च्या आधी पडलेलं असू शकत नाही, नंतर कधीही. झिजलंय म्हणताय म्हणजे बरंच फिरलंय. एस्कुदो आले १९५८-५९ ला, तोवर हे चालत होतं.

म्हणजे तुमची वस्ती विसाव्या शतकात जिवंत होती. गराफांवची काच पण तेच सांगते.

घाटमाथा_कोल्हापूर
मी देशावरचा आहे त्यामुळे चुकलं तर सांगा. आमच्याकडे जुनी गावजागा ओळखायची सोपी खूण म्हणजे पांढरी. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून जमिनीचा रंगच बदलतो, उंचवटा तयार होतो, लोक ती माती उकरून शेतात घालतात सुद्धा. काजूकार भाऊ, तिथे मातीचा रंग वेगळा आहे का? आणि धनगरांचा वाडा असू शकेल का, आमच्याकडे घाटमाथ्यावर अशा सोडलेल्या वस्त्या पुष्कळ.

चिऱ्यांचा_नाद
पांढरीचा मुद्दा बरोबर पण आमच्याकडे तो तसा चालत नाही दादा. सड्यावर मुळात मातीच वीतभर, खाली जांभा, साचेल ते पावसात खाली शेतात जातं. राखेचा थर मिळालाच तर जोत्याच्या खालच्या अंगाला, गडग्याला अडकलेला मिळतो. तिथे बघा काजूकार, काळपट भुसभुशीत माती असेल तर तो उकिरडा. खरा खजिना तोच, पण खणू नका.

धनगर-गवळ्यांबद्दल, सत्तरीत सुर्ल्याच्या बाजूला वगैरे त्यांची घरं आहेतच. पण त्यांची जुनी पद्धत कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली घरं, आणि चाऱ्याप्रमाणे जागा बदलायची. अकरा दगडी जोती, बांधलेली बांय, ओळीत फणस हे हलत्या वस्तीचं लक्षण नाही. फणस लावणारा माणूस नातवाचा विचार करत असतो. शिवाय रोयण. रोयण म्हणजे आमची सातेरी, वारुळाच्या रूपात पुजतात, आणि तिच्याभोवती गडगा घातलाय म्हणजे ते देवस्थान होतं.

तो बांयवरचा दगड मात्र वेगळं प्रकरण आहे. नीट वर्णन करा ना, किती कप्पे आहेत?

काजूकार
आज परत गेलो होतो. दगड साधारण माझ्या कमरेएवढा लांब. वरचा कोपरा तुटलाय. तीन कप्पे आहेत असं म्हणता येईल. एका टोकाच्या कप्प्यात दोन माणसं, एकाच्या हातात काठी की तलवार. मधल्यात तीन आकृती, मधला बसल्यासारखा आणि दोन बाजूंना दोघी. तिसऱ्यात काहीतरी उभट आहे आणि बाजूला कोणीतरी बसलंय. त्याच्या वर एका बाजूला चंद्रकोर स्पष्ट दिसते, दुसऱ्या बाजूचं तुटलंय.

सकाळी तिरक्या उन्हात बरं दिसलं, दुपारी काहीच कळत नव्हतं.

चिऱ्यांचा_नाद
वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा स्मारक दगड. तुम्ही आडवा बघताय, उभा करून बघा (मनात! हलवू नका). खालच्या कप्प्यात लढाई, मधल्यात मेलेल्या वीराला अप्सरा वर नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढे बसलाय. तुटलेल्या कोपऱ्यात सूर्य होता. चंद्र-सूर्य असेपर्यंत नाव राहील, असा अर्थ. गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंबांच्या काळातले असे वीरगळ सत्तरीत आणि सांगेत बरेच मिळालेत, पणजीच्या संग्रहालयातही आहेत.

म्हणजे मुलगा अगदीच चुकला नाही. दगड सहा-सातशे वर्षांचा असू शकतो. पण दगड जुना म्हणून जोतं जुनं होत नाही. धुणं धुवायला कोणाला सपाट दगड हवा होता, जवळपास कुठेतरी हा पडलेला मिळाला, आणला. एवढंच कळतं की ज्यांनी तो बांयवर टाकला त्यांना तो कोणाचा ते माहीत नव्हतं, नाहीतर त्याच्यावर लुगडी आपटली नसती. बहुतेक त्या डोंगरात एकावर एक दोन वस्त्या आहेत, एक कदंबांच्या वेळची, जिचा आता एवढा एक दगड दिसतोय, आणि एक तुमच्या पणजोबांच्या वेळची.

तांबडी सुर्ल्याचं देऊळ बघताना मला नेहमी हाच प्रश्न पडतो. एवढं सुंदर महादेवाचं देऊळ, काळ्या दगडाचं, तो दगड घाटावरून आणला असं मानतात, आणि आजूबाजूला रान. माणसं कुठे राहत होती? देऊळ दगडाचं म्हणून उरलं. माणसांची घरं मातीची.

मोडीवेडा
उशिरा येतोय. कागदपत्रांची बाजू सांगतो, कारण इथे सगळे दगडाचे भोक्ते दिसतात.

सत्तरी हा नव्या काबिजादीतला, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखातला भाग, पोर्तुगिजांच्या हातात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्यामुळे तिसवाडी, साष्टीसारखी सोळाव्या शतकातली पोर्तुगीज कागदपत्रं तुम्हाला इथे मिळणार नाहीत. त्याच कारणाने "पोर्तुगीज आले म्हणून पळाले" ही कथा पण इथे तितकीशी बसत नाही, ती बार्देश-साष्टीची कथा आहे जी आपण सगळीकडे लावतो. सत्तरीत राणे मोकासदार (इनाम जमिनीचे मालक) होते, मोकाशाच्या जमिनी, आणि राण्यांची बंडं. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ ला परत बंड झालं. बंडाच्या काळात डोंगरावरच्या वस्त्यांना दोन्हीकडून त्रास झाला असणं शक्य आहे पण तुमचं नाणं त्याच्या नंतरचं आहे, म्हणजे बंडाने हा गाव उठला नाही.

बघायचं असेल तर पणजीचं पुराभिलेखागार. १५९५ ला दियोगु द कोउतूने सुरू केलेलं, आशियातल्या जुन्यांपैकी एक. तिथे पोर्तुगीज सोडून मराठी मोडी आणि गोयकानडीतले कागद पण आहेत. गावाचं जुनं नाव काय होतं तेवढं मात्र माहीत पाहिजे, नुसतं "आमच्या काजूच्या वर" सांगून कोणी बाड काढून देत नाही, मी प्रयत्न केलाय :) नाव शोधायची एक जागा सांगतो जी कुठल्याच दप्तरात नाही. तुमच्याकडे शिगम्याला किंवा जत्रेला गावकर जे गाऱ्हाणं घालतात ते शब्दशः लिहून घ्या. त्यात ज्या ज्या थळाचं नाव घेतात तो तुमचा सातबारा समजा.

काजूकार
@मोडीवेडा अंगावर काटा आला हो. आमच्या गाऱ्हाण्यात लहानपणापासून ऐकतोय, "वयल्या वाड्याच्या पुरसा, आयज तुका याद केला" (वरच्या वाड्याच्या मूळपुरुषा, आज तुझी आठवण केली) असं म्हणतात आणि गावकर तेव्हा तोंड डोंगराकडे करतो. मला वाटायचं वयलो म्हणजे स्वर्गातला.

उतारा_एकचौदा
बाग जाईल का, या प्रश्नाचं कोणी उत्तरच दिलं नाही, म्हणून लिहिते. मी जमिनीच्या कामात असते, पण हा वकिली सल्ला नव्हे.

नुसतं कळवल्याने कोणाची बाग जात नाही. राज्याचा १९७८ चा कायदा आहे पुरातन वास्तू आणि अवशेषांचा, पण त्याखाली संरक्षित जाहीर व्हायला अधिसूचना निघावी लागते, हरकती मागवतात. प्रत्येक जोत्यासाठी ते होत नाही. वीरगळ मात्र कळवाच, तो चोरीला जायची भीती जास्त. पणजीला पुरातत्त्व खात्यात एक अर्ज, सोबत फोटो, पोच घ्या. पोच विसरू नका, आमच्या एका कामात अर्ज दिला होता तो "मिळालाच नाही" म्हणाले, पोच नव्हती, परत पहिल्यापासून सुरुवात.

नाण्याचं: १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. दहा रुपये, हो. एका नाण्यासाठी कोणी दारात येणार नाही पण अर्जात लिहून टाका, डोक्याला ताप नको. चिंचेचं लिहू नका.

आणि तुमच्या गावच्या लोकांचे वनहक्काचे दावे असतील तर हे सगळं त्यांना उपयोगी पडू शकतं. २००६ च्या कायद्याखाली जे आदिवासी नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून रानावर गुजराण केल्याचं दाखवावं लागतं, आणि नियमांत जुन्या विहिरी, स्मशानं, देवस्थानं हे पुरावे धरलेले आहेत. तुमची बांय आणि रोयण दोन्ही त्यात बसतात. पण २००५ ला ती जमीन कोणाच्या ताब्यात होती तेही दाखवावं लागतं, नुसतं आजोबा राहत होते म्हणून चालत नाही. एक चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) कब्जेदार कोण आहे ते आधी बघा. हद्दीच्या आत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, म्हादईत २०२० ला वाघ मेल्यापासून रानात कोण कशाला शिरतो यावर फार बारीक नजर असते.

घाटमाथा_कोल्हापूर
एक विचारतो. या वस्तीजवळून घाटाची वाट जाते का? आमच्या भागातले म्हातारे सांगतात की पूर्वी बैलांवर गोणी लादून गोव्यातून मीठ वर यायचं, वरून धान्य, मिरची, गूळ खाली. वाटेवरच्या वस्त्यांचं पोट त्याच्यावर. मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे झाली १८८० च्या दशकात आणि बैलांचे तांडे आटले.

काजूकार
वाट जाते! सड्याच्या टोकाला फरसबंदीसारखे दगड आहेत, मला वाटायचं पाण्याचा पाट असेल. तिथून पुढे अभयारण्य आणि त्याच्याही पुढे कर्नाटक.

सांगेकार
कुर्डीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही? साळावली धरणात बुडलेला आमचा गाव. १९८० च्या दशकात लोकांना वाड्डे, वाल्किणीला हलवलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जोती वर येतात, बघायला टुरिस्ट येतात, ड्रोन उडवतात आणि "हॉन्टेड व्हिलेज" म्हणून व्हिडिओ टाकतात. त्या जोत्यांवर माझी आई लहानाची मोठी झाली. मोगूबाई कुर्डीकरांचा गाव तो. दर वर्षी आम्ही सोमेश्वराकडे जातो, जेवण होतं, कोणाचं घर कुठे होतं ते पोरांना दाखवतो, घरोघरचा माणूस आपापल्या जोत्यावर जाऊन बसतो. महादेवाचं देऊळ दगड न् दगड नंबर घालून हलवलं, धरणाजवळ परत उभं केलं, चांगलं झालं. माणसांची घरं कोणी हलवली नाहीत.

काजूकार, तुमच्याकडे जुन्या बायकांना विचारलंत का? तुम्ही सगळ्या पुरुषांना विचारलेलं दिसतं. बाप्ये प्लेग नि लष्कर सांगतात. पाणी कोण भरायचं ते बायकांना ठाऊक असतं.

शिकारी_७७
सोन्याचं काही नाही तर मग.

काजूकार
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, काजूचे दिवस, वेळच नाही. पण सांगायला पुष्कळ आहे.

@सांगेकार तुमचं ऐकलं. आमच्या पलीकडच्या वाड्यावर एक आजी आहे, नव्वदीच्या पुढची, कान गेलेत पण बाकी ठणठणीत. त्या घराला गावात "वयले" म्हणतात, आम्हाला वाटायचं आडनावाचाच काहीतरी प्रकार. मी फोनवरचे फोटो दाखवले. बांयचा फोटो बघितला आणि फोन हातातून घेतला, परत देईना. म्हणाली, "हांगा हांवें कळशी फोडल्या." इथे मी कळशी फोडलीय. लग्न होऊन ती वर गेली होती, म्हणजे नांदायला, त्या अकरापैकी एका घरात. आणि मी इकडे पाचशे वर्षांच्या गप्पा मारतोय.

प्लेगबिग काही नाही. ती म्हणते बांय मार्च-एप्रिलात आटायची, मग खाली झरीवर यायचं, दोन खेपांत सकाळ संपायची. ते आधीपासून होतंच. पुरुष घाटाने वर जायचे, मीठ-सुकं मासळी घेऊन, येताना कापड आणि मिरची. मग हद्द बंद झाली. ते १९५४-५५ चं, भारताने नाकेबंदी केली होती तेव्हाचं असणार, तिला साल वगैरे माहीत नाही, "हद्द बंद जाली आनी पाकले बंदूक घेवन उबे रावले" एवढंच (पाकले म्हणजे पोर्तुगीज शिपाई). वाट बंद झाल्यावर वर राहून खायचं काय? एक एक घर खाली आलं. शेवटची दोन घरं गोवा मुक्तीनंतर, खाली शाळा झाली तेव्हा. एका रात्रीत वगैरे काही नाही, सात-आठ वर्षं चाललं होतं हे. मी विचारलं गाव का सोडला, तर तिला प्रश्नच कळला नाही, तीनदा विचारलं. म्हणाली सोडला कुठे, "आमी देंवलीं." उतरलो फक्त.

वीरगळाचं विचारलं. हसली. "तो धुवपाचो फातर." ती लग्न होऊन आली तेव्हाही तो तिथेच होता, त्याच्यावर माणसं आहेत हे माहीत होतं, पोरं त्यांना भूत म्हणायची. कुठून आणला ते तिच्या सासूलाही ठाऊक नव्हतं. खात्याला अर्ज दिलाय, पोच घेतली. अजून कोणी आलं नाही.

@चिऱ्यांचा_नाद आता तुमच्यासाठी. तुम्ही म्हणाला होतात खाली काय आलंय ते बघा. आजीच्या गोठ्याला एक दार आहे, फणसाच्या फळीचं, एकपाखी, गोठ्याच्या मानाने भलतंच जाड, आणि खालून करवतीने कापलेलं, कारण बसत नव्हतं. बिजागऱ्या नाहीत. वरच्या कोपऱ्याला लाकडाचीच खुंटी आहे, तिच्यावर फिरतं, खालची खुंटी कापण्यात गेली. वर सगळ्यात मोठ्या जोत्याला उंबरठ्याचा दगड आहे आणि त्याच्या डाव्या बाजूला गोल खोबण, आतून गुळगुळीत झालेली, मी आधी समजलो पणती ठेवायची जागा. टेप घेऊन गेलो. दाराची खुंटी अडीच इंच. खोबण पावणेतीन.

चिऱ्यांचा_नाद
फोटो टाका लगेच, दाराचा आणि खोबणीचा दोन्ही. टेप लावून. आणि ते दार कोणी जळणाला काढत असेल तर आधी मला सांगा, मी येतो.

काजूकार
गोठ्यात नेट नाही, संध्याकाळी टाकतो. दार कोणी काढत नाही, आत म्हस आहे.